क्षणाचे मोजमाप

आपल्याकडे लग्नघरी पूर्वी घटिकापात्र मांडीत असत. तांब्याची एक वाटी, तिच्या तळाला बारीकसे छिद्र. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती सोडावयाची. ती हळूहळू भरत जाई, आणि बुडाली की एक घटका झाली, म्हणजे आपली २४ मिनिटे. घटकेची साठ पळे आणि पळाची साठ विपळे, हा हिशेब जुन्या पिढीला तोंडपाठ असे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'सिद्धान्तशिरोमणी'त याहीपुढे पाऊल टाकले. निमिषाच्या तिसाव्या भागाला त्यांनी तत्पर म्हटले आणि तत्पराच्या शंभराव्या भागाला त्रुटी. परंतु तांब्याची वाटी त्रुटी मोजू शकत नाही. काळाच्या एखाद्या शकलाला नाव देणे ही एक गोष्ट आणि ते शकल हाती घेऊन दाखविणे ही अगदी निराळी गोष्ट. या दोहोंमधील अंतर माणसाने कसे कापले, आणि ते कापताना तो कोठे फसला, त्याची हकीकत आज मला सांगावयाची आहे.

मी पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. इतिहास हा माझा विषय आणि सरकारी चाकरी हा माझा व्यवसाय. तथापि नोकरीच्या आरंभीची काही वर्षे जमिनीच्या मोजणीच्या प्रकरणांत गेल्यामुळे 'मोजले' या शब्दाविषयी माझ्या मनात एक प्रकारची सावधगिरी कायमची राहून गेली आहे. एका बांधाच्या तंट्यात दोनदा मोजणी झाली, दोन्ही वेळा आकडा तोच आला, आणि आम्ही निश्चिंत झालो. पुढे कळले की दोन्ही वेळा साखळी एकच होती, आणि तिच्या मधल्या कड्या झिजून ती लांबली होती. आकडे जुळणे आणि आकडा खरा असणे यांत फरक आहे, हे त्या दिवशी मी शिकलो. आजच्या विषयाशी त्या साखळीचा संबंध काय, ते पुढे येईलच.

प्रथम परिमाणाची कल्पना घेऊ. एका सेकंदाचे दहा लाख भाग करावे. त्यांतल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख भाग करावे. जो एक कण उरेल तो पिकोसेकंद. त्या पिकोसेकंदाचे हजार तुकडे केले म्हणजे एक तुकडा होतो तो फेमटोसेकंद. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर धावतो. परंतु एका पिकोसेकंदात तो मिलिमीटरचा तीन दशांश इतकाच सरकतो, आणि १७ फेमटोसेकंदांत अवघा पाच मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस याच्या दहापटीहून जाड असतो.

इतक्या लहान काळाशी माणसाला काय कर्तव्य, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर एका घोड्यापासून सुरू होते. १८७८ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने दौडणाऱ्या घोड्याची छायाचित्रे ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी घेतली. दौडताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात की नाही, हा वादाचा मुद्दा होता. ते सुटतात, असे छायाचित्रांनी दाखविले. शेकडो वर्षे चित्रकार घोडे रंगवीत आले, घोडेस्वार त्यांवर बसत आले, पण ही साधी गोष्ट कोणाच्याही डोळ्यांना निश्चितपणे दिसली नव्हती. जे वेगवान आहे ते पाहावयाचे तर त्याहूनही वेगाने उघडमीट करणारा डोळा हवा, हे तत्त्व त्यातून स्पष्ट झाले.

यांत्रिक डोळ्याला मात्र लवकरच मर्यादा पडते. तेव्हा पॅरिसमध्ये १८९९ साली आब्राहाम आणि लमॉइन या दोघांनी एक फार नामी युक्ती योजली. विजेच्या दाबाखाली काही द्रव प्रकाशाच्या कंपनांची दिशा बदलतात; दाब काढून घेतला की हा गुण किती वेळात नाहीसा होतो, हे त्यांना मोजावयाचे होते. कोणतेही घड्याळ त्याला पुरे पडले नसते. त्यांनी घड्याळच टाकून दिले. ज्या ठिणगीने विजेचा दाब उतरविला त्याच ठिणगीचा प्रकाश आरशांवरून थोडा लांबच्या वाटेने फिरवून त्यांनी द्रवात आणला. वाट तीस सेंटिमीटरने लांबविली की प्रकाश एक नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग, उशिरा पोचतो. काळ मोजावयाचा तो मोजपट्टीने! पुढील सव्वाशे वर्षांत या क्षेत्रात जे जे झाले, त्याच्या मुळाशी ही एक कल्पना आहे.

ठिणगीच्या जागी लेसर आला तो १९६० साली. त्या वर्षीच्या १६ मे रोजी थिओडोर मेमन यांनी मालिबू येथे माणकाच्या कांडीतून पहिला लेसर प्रकाश काढला. लेसर म्हणजे मूलतः दोन आरशांमध्ये कोंडलेला प्रकाश. वीणेच्या तारेवर जसे ठरावीक स्वरच उमटतात तसे या आरशांच्या मध्ये ठरावीक कंपनसंख्यांचेच तरंग टिकतात. हे तरंग शेकडो, हजारो असू शकतात, आणि त्यांच्या कंपनसंख्यांत एकसारखे अंतर असते. प्रत्येक तरंग आपापल्या मर्जीने चालत असतो, म्हणून बाहेर पडणारा प्रकाश म्हणजे एक अखंड गोंगाट असतो.

आता अशी कल्पना करा की वर्तुळाकार मैदानावर शंभर धावपटू आहेत आणि प्रत्येकाचा वेग दुसऱ्याहून ठरावीक अंतराने कमीअधिक आहे. ते वाटेल तेथून सुटले तर मैदानावर सर्वत्र माणसे विखुरलेली दिसतील. परंतु सर्वांना एका रेषेवरून एकाच वेळी सोडले तर आरंभी सगळे एकत्र दिसतील, लगेच पांगतील, आणि ठरावीक काळाने पुन्हा क्षणभर एकत्र येतील. तो एकत्र येण्याचा क्षण म्हणजे प्रकाशाचा स्पंद. हे तरंग एका तालात बांधण्याच्या क्रियेला मोड-लॉकिंग म्हणतात. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. वेग जवळजवळ सारखे असतील तर घोळका बराच वेळ टिकतो; वेगांत मोठी तफावत असेल तर तो निमिषमात्र जमून फुटतो. म्हणजे क्षण जितका लहान हवा तितके त्यात रंग अधिक हवेत. रुंद वर्णपटावाचून लहान स्पंद नाही, हा निसर्गाचा कायदा आहे आणि त्याला अपवाद नाही.

परंतु या कायद्याची उलट बाजू खरी नाही. वर्णपट रुंद आहे म्हणून स्पंद लहान आहे असे होत नाही. रंग पुष्कळ आणि ताल मुळीच नाही, असेही असू शकते. विखुरलेले शंभर धावपटूही शंभर वेगांचेच असतात. सारा घोटाळा येथेच झाला.

१९६४ साली बेल प्रयोगशाळेत हारग्रोव्ह, फोर्क आणि पोलॅक यांनी हेलियम-निऑन लेसरमधील तरंग ध्वनिलहरींच्या साहाय्याने तालात बांधले. त्या लेसरचा वर्णपट अरुंद असल्यामुळे स्पंद नॅनोसेकंदांच्या घरातच राहिले. दोन वर्षांनी, १९६६ साली, डीमारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निओडिमियमयुक्त काचेचा लेसर घेतला. या काचेचा वर्णपट कितीतरी रुंद. आरशांच्या मध्ये त्यांनी एका रंगद्रव्याची कुपी ठेवली. या रंगद्रव्याचा गुण असा की क्षीण प्रकाश ते गिळून टाकते आणि प्रखर प्रकाशाला वाट देते. एकेकट्याला अडवावे आणि जमावाला सोडावे, असा हा विलक्षण पहारेकरी. अर्थातच तरंगांना जमाव करून येणेच सोईचे पडते. या लेसरचे स्पंद पिकोसेकंदांचे असावेत असा हिशेब होता. पण ते पाहावयाचे कशाने? कोणतेही विद्युत् उपकरण इतके चपळ नव्हते.

१९६७ साली बेल प्रयोगशाळेतील जॉर्डमेन, रेंट्झेपिस, शपिरो आणि वेख्ट यांनी याचे मोठे सुंदर उत्तर काढले. एका विशिष्ट रंगद्रव्याच्या द्रावणात स्पंद सोडावयाचा आणि समोरच्या आरशावरून परत आणून त्याची त्याच्याशीच गाठ घालावयाची. हे द्रव्य दोन प्रकाशकण एकदम मिळाले तरच उजळते. म्हणून जेथे जाणारा आणि येणारा प्रकाश भेटतो तेथे अधिक तेजस्वी ठिपका दिसतो. साध्या कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र घ्यावे, ठिपक्याची लांबी मोजावी, की झाले स्पंदाचे मोजमाप. पुन्हा तीच पॅरिसची युक्ती: काळ मोजावयाचा तो मोजपट्टीने. छायाचित्रांत ठिपके दिसू लागले आणि पिकोसेकंदांचे आकडे प्रसिद्ध होऊ लागले.

आणि मग ध्यानात आले की ठिपका दिसणे हा स्पंद असल्याचा पुरावाच नव्हे.

गोंगाटालाही आपली एक बारीक वीण असते. विखुरलेला प्रकाश स्वतःच्या प्रतिकृतीशी भेटला तर बरोबर मधोमध, जेथे प्रत्येक चढाची त्याच चढाशी आणि प्रत्येक उताराची त्याच उताराशी गाठ पडते, तेथे तो अधिक उजळतोच. हा उजळ ठिपका किती लांब, हे केवळ वर्णपटाच्या रुंदीवर ठरते. स्पंद आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही. लेसर तालात असो वा नसो, साखळी एकच आकडा देत होती. भेद फक्त एका गोष्टीत होता. खऱ्या स्पंदाचा ठिपका भोवतालच्या उजेडाच्या तिप्पट तेजस्वी हवा. अखंड गोंगाटाचा दीडपट. पण ठिपक्याची लांबी मोजणाऱ्यांपैकी अनेकांनी त्याचे तेज काटेकोरपणे मोजलेच नव्हते. १९६८ साली वेबर यांनी, आणि स्वतंत्रपणे क्लॉडर, ड्युगे, जॉर्डमेन आणि शपिरो यांनी ही गोष्ट उघड केली.

या दुसऱ्या नामावलीकडे आपले लक्ष गेले असेल. जॉर्डमेन आणि शपिरो! ज्यांनी वर्षापूर्वी पद्धत शोधून काढली त्यांचीच नावे तिच्यातील उणीव दाखविणाऱ्यांतही आहेत. माझ्या खात्यात एखाद्या अधिकाऱ्याने स्वतःच्याच आदेशावर असा शेरा मारलेला मी क्वचितच पाहिला आहे. पुढे तेज मोजले गेले तेव्हा असे आढळले की काचेच्या त्या लेसरमधून निघणाऱ्या स्पंदमालिकेतील आरंभीचे स्पंद बरेचसे निर्मळ असतात, आणि मागाहून येणारे विस्कटत जातात. म्हणजे दावा सर्वस्वी खोटा नव्हता. तो सिद्ध झालेला नव्हता, एवढेच. याच ड्युगे यांनी १९७१ च्या सुमारास थोडे दूध मिसळलेल्या पाण्यातून धावणाऱ्या प्रकाशस्पंदाचे चित्र टिपले. पाण्याच्या पात्रात अधांतरी असलेला प्रकाशाचा तो गोळा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना स्पंद आहे की नाही हा वाद तेवढ्यापुरता तरी मिटला असे वाटले असावे.

यानंतरची वीस-पंचवीस वर्षे मी भराभर ओलांडतो. १९७४ मध्ये शँक आणि इपेन यांनी द्रवरूप रंगद्रव्याच्या लेसरने पिकोसेकंदाच्या आतले स्पंद मिळविले. १९८१ मध्ये ते १०० फेमटोसेकंदांच्या खाली आले. १९८७ मध्ये लेसरबाहेर आणखी आकुंचित करून ६ फेमटोसेकंदांपर्यंत पोचले. १९९१ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूज येथे टायटेनियमयुक्त नीलमण्याच्या स्फटिकाने रंगद्रव्यांची ही सारी ओली यातायात संपविली. मात्र या यंत्रांना मोठे मेज लागे, आरसे केसभरही हलून चालत नसे, आणि त्यांची देखभाल करावयास एक तज्ज्ञ माणूस सदैव लागे. रुग्णालयात वा कारखान्यात नेण्यासारखी ती वस्तू नव्हती.

आता काचेच्या तंतूकडे वळावयास हवे. या तंतूच्या कथेत आपल्याकडील एक नाव ठळक आहे. पंजाबातील मोगा येथे १९२६ साली जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्स यांच्यासमवेत काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेली, आणि १९५४ साली तो शोध प्रसिद्ध झाला. प्रकाश सरळ रेषेतच जातो, असे शाळेतल्या शिक्षकांनी सांगितले ते आपल्याला पटले नाही, अशी आठवण कपानी सांगत असत. १९६४ मध्ये कोस्टर आणि स्नित्झर यांनी निओडिमियमयुक्त काचतंतू प्रखर दिव्याभोवती वेटोळे करून गुंडाळला आणि त्यातून जाणारा प्रकाश प्रबळ करून दाखविला. १९६६ मध्ये काओ आणि हॉकहॅम यांनी काच पुरेशी शुद्ध केली तर तंतूतून दूरवर संदेश धाडता येतील असे प्रतिपादन केले. १९८७ मध्ये साउथॅम्प्टन येथे पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एर्बियम मिसळलेल्या तंतूने संदेशाचा प्रकाश वाटेतच प्रबळ करण्याची सोय केली. सारे जग दूरध्वनीच्या मागे लागले होते. लहान स्पंदांच्या अभ्यासकांना त्यातून स्वस्त, लवचीक आणि मजबूत असा लेसर आयताच मिळाला.

पण तंतूला दोन खोडी होत्या. पहिली अशी की काचेत निरनिराळे रंग निरनिराळ्या वेगांनी धावतात, त्यामुळे स्पंद पांगतो. दुसरी अशी की तंतूचा गाभा केसाहूनही कितीतरी बारीक. त्यात कोंडलेला प्रखर प्रकाश काचेचाच गुणधर्म किंचित बदलतो, आणि त्यापायी स्वतःचे रंग बदलून घेतो, नवे रंग निर्माण करतो. संदेशवाहकांच्या दृष्टीने ही दोन्ही विघ्ने. परंतु १९७३ साली हासेगावा आणि टॅपर्ट यांनी गणिताने दाखविले की योग्य तरंगलांबीवर ही दोन विघ्ने परस्परांना खाऊन टाकतात, आणि स्पंद आपला आकार न बदलता चालत राहतो. १८३४ साली स्कॉट रसेल यांनी एडिंबरोजवळच्या कालव्यात अशीच एक एकाकी लाट पाहिली होती आणि घोड्यावर बसून मैल-दोन मैल तिचा पाठलाग केला होता. तीच लाट १९८० साली मोलनॉअर, स्टोलन आणि गॉर्डन यांना काचतंतूत सापडली.

१९९३ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत तमुरा, इपेन, हाउस आणि नेल्सन यांनी वेगळीच वाट धरली. त्यांनी परस्परविरुद्ध गुणांचे तंतू जोडून वर्तुळ केले, म्हणजे स्पंद एका भागात ताणला जाई आणि दुसऱ्यात आक्रसे, छातीच्या भात्यासारखा. ताणलेला असताना त्याची प्रखरता कमी राहते आणि दुसऱ्या खोडीचा उपद्रव आटोक्यात येतो. त्यातून ७७ फेमटोसेकंदांचे स्पंद मिळाले.

नेमक्या याच काळात तो जुना घोटाळा पुन्हा उभा राहिला. एर्बियम तंतूच्या काही लेसरांतून अतिशय रुंद वर्णपट निघे, आणि मोजमापात मधोमध एक अत्यंत अरुंद शिखर दिसे. वरवर पाहणाऱ्याला वाटावे, काय हा सूक्ष्म स्पंद! १९९७ साली इस्रायलमधील होरोवित्झ, बराद आणि झिलबरबर्ग यांनी अशा प्रकाशाचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा त्याला 'गोंगाटासारखे स्पंद' असेच नाव दिले. तो वस्तुतः पुष्कळ लांबीचा एक पुंजका होता, आणि त्याच्या आत विस्कळीत बारीक चढउतार होते. १९६८ चा धडा या वेळी फुकट गेला नाही. शिवाय तोपर्यंत मोजण्याची साधनेही सुधारली होती. ट्रेबिनो आणि केन यांनी १९९३ च्या सुमारास अशी रीत सिद्ध केली की स्पंदात कोणता रंग कोणत्या वेळी येतो याचे संपूर्ण कोष्टक हाती येते. केवळ मैफल किती वेळ चालली हे सांगणे निराळे आणि भातखंड्यांच्या पद्धतीने तिची स्वरलिपी उतरून देणे निराळे. या रीतीने दुसरे काम साधले.

हा सगळा काटेकोरपणा पंडितांच्या समाधानापुरता आहे असे कोणी समजू नये. नेत्रवैद्य डोळ्याच्या पारदर्शक पटलात फेमटोसेकंद लेसरने छेद घेतो, तेव्हा स्पंद इतका लहान असतो की भोवतालच्या पेशींपर्यंत उष्णता पसरण्याआधीच तो संपलेला असतो. तेथे स्पंदाऐवजी गोंगाटाचा लांब पुंजका असेल तर ते शस्त्र निराळेच होईल. रासायनिक क्रियेत अणूंचे बंध तुटताना पाहण्याच्या ज्या कार्यासाठी अहमद झेवेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्याचाही सारा भर प्रत्येक क्षण खरोखर तेवढाच आहे यावर होता.

यानंतर मर्यादा आली ती वर्णपटाचीच. यिटर्बियम असो वा एर्बियम, प्रत्येक द्रव्य ठरावीक पट्ट्यातलेच रंग प्रबळ करते, आणि पट्टा अरुंद तर क्षणही मोठा. कॉर्नेल विद्यापीठात फ्रँक वाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ आणि २००६ साली दाखविले की काचेचा तो रंग वाढविण्याचा उपद्रव दडपून न टाकता त्याला वाव दिला तरी लेसर स्थिर राहू शकतो. मग प्रश्न उरला तो पहारेकऱ्याचा. इतका रुंद वर्णपट घेऊन फिरणाऱ्या स्पंदातून खरा कोणता आणि भोंदू कोणता, हे फेरीगणिक कोण निवडणार?

उत्तर पुन्हा दूरध्वनीच्या घरातून आले. १९९८ साली पावेल मामिशेव्ह यांनी तंतूतून जाताना मलिन झालेले संदेश स्वच्छ करण्याची एक साधी रीत सुचविली होती. स्पंदाला काचतंतूत रंग वाढवू द्यावयाचे, आणि पुढे मूळ रंग सोडून बाजूचाच रंग जाऊ देणारी गाळणी ठेवावयाची. प्रखर स्पंदाजवळ हा नवा रंग असतो. क्षीण गोंगाटाजवळ तो नसतो, म्हणून गोंगाट तेथेच अडतो. २०१५ नंतर या तत्त्वावर लेसर घडविले जाऊ लागले, वर्तुळाच्या दोन टोकांना दोन भिन्न रंगांच्या गाळण्या. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर दोन खिडक्या, एक तांबडा शिक्का मागणारी, दुसरी निळा. आणि कागद दोन्ही खिडक्यांतून तेव्हाच जातो जेव्हा वाटेत त्याने स्वतःच्या बळावर दुसरा शिक्का मिळविला असेल. २०२० साली चोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रचनेत अत्यंत बारीक छिद्रांची नक्षी असलेला एक खास काचतंतू घातला. रंगांचा विस्तार सुमारे ४०० नॅनोमीटरपर्यंत गेला आणि स्पंद सुमारे १७ फेमटोसेकंदांपर्यंत उतरला. त्यात प्रकाशाची जेमतेम पाच कंपने मावतात. तंतू-लेसरमधून थेट निघालेला इतका आखूड स्पंद त्यापूर्वी आपल्या माहितीत नाही, असे त्यांनी नोंदविले.

या लेसरची एक अडचण मात्र सांगितलीच पाहिजे. इतर लेसर आपोआप सुरू होतात, कारण आरंभीच्या गोंगाटातूनच एखादा चढ वाढत जाऊन स्पंद बनतो. येथे दोन्ही खिडक्या गोंगाटाला दाद देत नाहीत, त्यामुळे आरंभ व्हावयासच वाव नसतो. म्हणून अशा लेसरला पहिला स्पंद बहुधा दुसऱ्या लेसरकडून उसना आणून द्यावा लागतो, किंवा दोन गाळण्या काही वेळ जवळ आणून दार किलकिले करावे लागते. एकदा खरा स्पंद आत शिरला की दार लोटून घेतात, आणि मग तो फिरत राहतो.